परदेशात असताना कोल्हापूरच्या गाडीची आरसी हरवली तर : कामाचा नेमका क्रम

गाडी घरासमोर कव्हर घालून उभी, मालक परदेशात, आणि आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, कुठे ठेवली आहे ते घरात कुणालाच ठाऊक नाही. गिऱ्हाईक मिळालं की शोधाशोध सुरू होते. कपाट, पेटी, गाडीचा डॅशबोर्ड, सगळं उपसून झालं की मालक फोनवर म्हणतो, "डुप्लिकेट आरसीचा फॉर्म भरून टाक, सही तूच कर." काम नेमकं इथेच बिघडतं.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडात असतो. त्याच्या गाडीच्या वेळी मीही आधी फॉर्म घेऊन बसलो होतो. पुढे कळलं की आरटीओच्या नोंदीतला त्याचा मोबाइल नंबर केव्हाच बंद पडला होता आणि आता तिसऱ्याच माणसाकडे होता. ओटीपी त्या माणसाला जाणार, आणि ओटीपीशिवाय अर्ज उघडतच नाही. त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच जणांची हीच कामं करून दिली. फॉर्म भरायला फार तर अर्धा तास लागतो. महिने जातात ते फॉर्मच्या आधीच्या तयारीत. म्हणून या लेखाचा निम्म्याहून जास्त भाग तयारीचाच आहे, तो वगळून पुढे जाऊ नका.

## आधी पाहा : काम खरंच डुप्लिकेट आरसीचं आहे का

तीन प्रकरणं डुप्लिकेट आरसीसारखी दिसतात, पण ती वेगळी असतात.

पहिलं, गाडी जुनी घेतली आणि नावावर करायची राहून गेली. आरटीओच्या लेखी मालक अजून जुनाच माणूस आहे. डुप्लिकेटचा अर्ज त्यालाच करावा लागेल, तुमचा अर्ज चालणार नाही.

दुसरं, गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील आता नाहीत. परदेशातल्या मुलांच्या बाबतीत हे फार आढळतं. इथे वारसाच्या नावे हस्तांतरण करावं लागतं, त्याचा अर्ज फॉर्म ३१ वर होतो. नियमाप्रमाणे वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि ३ महिन्यांत अर्ज करायचा असतो. मुदत उलटून गेली असेल तर उशिराचा दंड भरा, पण वडिलांच्या नावाची सही करून डुप्लिकेट काढू नका. तो गुन्हा आहे. शिवाय पुढे भावाबहिणींत वाटणीचा वाद निघाला तर तोच कागद तुमच्या विरुद्ध जाईल.

तिसरं, नोंदणीची १५ वर्षं संपली आहेत. अशा गाडीची नोंदणी फॉर्म २५ वर नूतनीकरण करून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. चार वर्षं बंद पडलेली गाडी तपासणीत सहसा पास होत नाही. आधी बॅटरी, टायर, ब्रेक बघून घ्या.

आणखी एक बघा. कायद्यानुसार डुप्लिकेटचा अर्ज शेवटच्या नोंदणी प्राधिकरणाकडेच करायचा असतो. गाडी कोल्हापूरची, 'एमएच ०९' असली तरी मध्यंतरी तुम्ही पत्ता पुण्याला बदलून घेतला असेल, तर ताराबाई पार्कातल्या आरटीओत फाइल देऊन उपयोग नाही.

## टप्पा १ : पाच आकडे आणि एक मोबाइल नंबर

कागदावर या पाच गोष्टी लिहून काढा: गाडी क्रमांक, पूर्ण चेसिस क्रमांक, पूर्ण इंजिन क्रमांक, नोंदणीची तारीख, नोंदणीची मुदत. आरसीच नाही तर हे आणायचं कुठून, असं वाटेल. विमा पॉलिसीवर चेसिस आणि इंजिन क्रमांक असतात. शोरूमच्या बिलावर आणि विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, तेच सापडतात. घरचं कुणी गाडीपाशी जाऊन चेसिसवर कोरलेल्या आकड्यांचा फोटो काढू शकतं. कागद आणि लोखंड, दोन्हींवरचे आकडे ताडून बघा. शून्य आणि 'ओ', आठ आणि 'बी' यांत हमखास चूक होते.

आता मोबाइल. गाड्यांच्या कामांच्या सरकारी संकेतस्थळावर, म्हणजे परिवहन पोर्टलवर, गाडी क्रमांक आणि चेसिसचे शेवटचे पाच अंक टाकले की ओटीपी नोंदीतल्या नंबरवर जातो. हा नंबर दहा आकडी भारतीय लागतो, परदेशातला चालत नाही. तेव्हा नोंदीत कुठला नंबर आहे ते आधी शोधा. तो बंद असेल तर पोर्टलवरच मोबाइल नंबर बदलण्याची सेवा आहे, आणि तिथे वरच्या पाचही गोष्टी विचारल्या जातात. म्हणून त्या आधी लिहून काढायला सांगितल्या.

आधार कार्डाला जोडलेला नंबरही आत्ताच तपासा. घरबसल्या अर्ज करायच्या 'फेसलेस' पद्धतीत आधारचा ओटीपी लागतो, आणि आधारही परदेशी नंबरवर ओटीपी पाठवत नाही. आधारचा नंबर परदेशातून बदलणं अवघड जातं. नंबर गेलेला असेल तर फेसलेसचा नाद सोडून कागदी फाइलच्या रस्त्याने जा. त्यात काही कमीपणा नाही, थोडा वेळ जास्त जातो इतकंच.

सावध : भारतातलं सिम ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि नंबर दुसऱ्याला देऊ शकते. सिम परदेशात जवळ ठेवलं असेल तर रिचार्ज आणि रोमिंग चालू ठेवा. नाहीतर ते घरच्या विश्वासाच्या माणसाच्या फोनमध्ये राहू द्या.

पडताळा : गाडीच्या नोंदीतला नंबर आज चालू आहे का? त्यावर आलेला मेसेज तुमच्यापर्यंत दहा मिनिटांत पोहोचतो का? दोन्हींचं उत्तर 'हो' येईपर्यंत पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा २ : अर्ज अडवणाऱ्या गोष्टी आधी मिटवा

विमा. गाडी उभी आहे म्हणून विमा भरला नाही, हे जवळपास प्रत्येक घरात असतं. आरटीओच्या कामाला चालू विमा लागतो. मुदत संपली की सर्वंकष विम्यासाठी कंपनी गाडीची पाहणी मागते, आणि ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सवलत, जातो. पैसे वाचवायचे असतील तर निदान थर्ड पार्टी विमा घ्या, कामापुरता तो पुरतो.

पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला. याला गाडी चालू स्थितीत लागते. बॅटरी उतरली असेल तर मेकॅनिकला घरी बोलवा.

ई-चलन. "गाडी तर घरीच असते" असं म्हणू नका. मागच्या गणपतीत पुतण्या ती पुण्याला घेऊन गेला होता आणि महामार्गावरच्या कॅमेऱ्याने टिपली, हे तुम्हाला कळलेलं नसतं. गाडी क्रमांक टाकून बघा आणि असेल ते भरून पावती ठेवा.

नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बंधनकारक आहे. ती नसेल तर आधी बसवून घ्या, नाहीतर आरटीओतलं काम त्यावर अडू शकतं.

बोजा. हे सगळ्यात जास्त वेळ खाणारं आहे. कर्ज फेडून पाच वर्षं झाली, पण आरटीओच्या नोंदीवरून बँकेचं नाव उतरवलंच नाही, असं खूप ठिकाणी असतं. कर्ज चालू असेल तर फॉर्म २६ वर, म्हणजे डुप्लिकेट आरसीच्या अर्जावर, फायनान्स देणाऱ्याची सही आणि शिक्का लागतो, आणि फॉर्मच्या जादा प्रती द्याव्या लागतात. कर्ज फिटलं असेल तर बँकेकडून एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ मागवा. एनओसीची तारीख जुनी असली तर ती सहसा स्वीकारत नाहीत, तीन महिन्यांच्या आतली ठेवा. म्हणून बाकीची तयारी होत आली की मगच ती मागवा, पहिल्याच दिवशी नको. पतसंस्थेचं कर्ज असेल आणि ती पतसंस्था दुसरीत विलीन झाली असेल, तर विलीनीकरणाचं पत्रही घ्या.

## टप्पा ३ : गहाळ दाखला

गहाळ दाखला म्हणजे आरसी हरवल्याची पोलिसांकडची नोंद. हे काम पोलीस ठाण्यात होतं. कुठल्या ठाण्यात, ते आरसी कुठे हरवली यावर ठरतं, तुमच्या घराच्या पत्त्यावर नाही. राजारामपुरीत हरवली तर राजारामपुरी, स्टँड परिसरात हरवली तर शाहूपुरी. अर्ज कुणी करायचा? ज्याच्या हातून हरवली त्याने. गाडी भाऊ वापरत होता आणि आरसी त्याच्या पाकिटासोबत गेली, तर अर्ज भावानेच करावा आणि "गाडी माझ्या मोठ्या भावाच्या नावावर आहे, ते परदेशात आहेत" असं स्पष्ट लिहावं.

अर्जात गाडी क्रमांक, मालकाचं आरसीवरचं पूर्ण नाव, हरवल्याची तारीख, ठिकाण आणि हरवली कशी हे लिहा. "गाडीची कागदपत्रे गहाळ झाली" एवढंच लिहून आणलेला दाखला आरटीओत परत येतो, कारण त्यावर गाडी क्रमांकच नसतो. ठाण्यातून निघण्यापूर्वी शिक्का, नोंद क्रमांक, तारीख आणि गाडी क्रमांकाचं प्रत्येक अक्षर तपासा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरूनही तक्रार देता येते.

हरवणं आणि चोरी यांत गल्लत करू नका. बॅग चोरीला गेली असेल तर तो गुन्हा आहे, त्याचा एफआयआर होतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तक्रार पाठवायची सोय आहे, पण पाठवणाऱ्याने तीन दिवसांत सही करावी लागते. परदेशात बसून ते जमणार नाही. घटना ज्याच्यासमोर घडली त्यानेच ठाण्यात जावं.

आरसी परदेशात हरवली असेल तर? काहीजण "कोल्हापूर स्टँडवर हरवली" असं लिहून मोकळे होतात. तसं करू नका. सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, आणि तुमच्या पासपोर्टवरचे शिक्के तुमच्याच अर्जाच्या विरुद्ध बोलतील. तिथल्या पोलिसांची नोंद घ्या. ती इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर जोडा.

आता पुराबद्दल, कारण आपल्याकडे हा प्रश्न खरा आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी या भागांत शिरलं आणि कपाटंच्या कपाटं भिजली. तुमची आरसी चिखलाने माखलेली, फाटलेली, अर्धवट शिल्लक असेल तर ती हरवलेली नाही, खराब झालेली आहे. फॉर्म २६ मध्ये फाटली, मळली, नष्ट झाली यासाठी वेगळे शब्द आहेत. त्यातला योग्य तो ठेवा, बाकीचे खोडा, आणि उरलेला तुकडा फाइलला जोडा. तो तुकडा टाकून देऊन गहाळ दाखल्यामागे धावणारे मी पाहिलेत. चांगला पुरावा हाताने गमावतात.

## टप्पा ४ : सही आणि अधिकार

आरटीओत तुमच्या सहीची जुनी नोंद असते. फॉर्म २६ वरची सही तिच्याशी ताडून पाहिली जाते. घरच्यांनी मारलेली सही तिथे पकडली जाते आणि मग मालकालाच समक्ष बोलावतात.

फेसलेस पद्धतीत आधारने ओळख पटते, म्हणून हा प्रश्न येत नाही. पण त्यासाठी आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळायला हवं. इथे आपली नावं लिहायची पद्धत आडवी येते: आरसीवर 'पाटील संभाजी आनंदराव' आणि आधारवर 'संभाजी आनंदराव पाटील', किंवा एकीकडे वडिलांचं नुसतं आद्याक्षर. नाव जुळत नसेल तर कागदी फाइल करा.

कागदी फाइलसाठी:

१. फॉर्म २६ छापून गाडीची सगळी माहिती टाइप करा. परदेशातल्या माणसाकडे फक्त सही करायचं काम उरलं पाहिजे.

२. गाडी घेताना जी सही केली तीच करा. सही बदलली असेल तर बँकेकडून सही पडताळणीचं पत्र आणि पासपोर्टची झेरॉक्स जोडा.

३. मूळ कागद कुरिअरने पाठवा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोची प्रिंट चालत नाही.

४. सोबत आरटीओला उद्देशून अधिकारपत्र द्या: कुणाला, कुठल्या गाडीसाठी, कुठल्या कामासाठी. दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती लावा.

गाडी पुढे विकायचीच असेल तर साध्या अधिकारपत्रावर थांबू नका, विशेष मुखत्यारपत्र करा. त्यात डुप्लिकेट आरसीचा अर्ज, कार्ड स्वीकारणं, बोजा उतरवणं, विक्रीच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करणं, ही कामं गाडी क्रमांकासह एकेक करून लिहा. नुसतं "माझी सर्व कामे" लिहिलं की तपासणारा अधिकारी थांबतो. हे पत्र त्या देशातल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणीकरण) करता येतं, किंवा भारतीय दूतावासात अथवा वकिलातीत साक्षांकित करता येतं. भारतासाठी अपोस्टिलची पद्धत १४ जुलै २००५ पासून लागू आहे, पण सगळ्या देशांचं अपोस्टिल चालत नाही. म्हणून आखातात असाल तर सरळ वकिलातीचाच रस्ता धरा. पत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही तारीख बहुतेक जण चुकवतात. पाकीट कधी पोहोचलं याचा पुरावा म्हणून कुरिअरचं आवरण फाडून टाकू नका, फाइलला लावा.

सावध : कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कुणालाही पाठवू नका, एजंटला तर मुळीच नाही. "साहेब, एकदाच सगळ्या सह्या पाठवा, परत त्रास नको" असं मागणारा माणूस मनाने चांगलाही असेल. पण तो कागद गाडी विकण्यासाठी पुरेसा असतो.

## टप्पा ५ : अर्ज

परिवहन पोर्टलवर ऑनलाइन सेवा, मग वाहनविषयक सेवा, राज्य महाराष्ट्र, गाडी क्रमांक आणि डुप्लिकेट आरसी या क्रमाने जा. परदेशातून सरकारी संकेतस्थळं कित्येकदा उघडतच नाहीत. तेव्हा कोल्हापुरातल्या माणसाने संगणकावर बसावं, तुम्ही व्हिडिओ कॉलवर स्क्रीन बघावी आणि ओटीपी सांगावा. ओटीपी फक्त घरच्या माणसाला द्या, आणि तो कशासाठी आलाय ते मेसेजमध्ये वाचून मगच द्या.

आधी सगळे कागद वेगवेगळ्या फाइलींत स्कॅन करून ठेवा: फॉर्म २६, गहाळ दाखला, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, प्रतिज्ञापत्र, चेसिसची पेन्सिल प्रिंट. पेन्सिल प्रिंट म्हणजे कोरलेल्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिलने घासून उठवलेला ठसा. तो स्पष्ट हवा, शेवटचा आकडा अर्धवट उठला असेल तर दुसरा काढा.

पडताळा : 'जमा करा' दाबण्यापूर्वी पत्ता बघा. कार्ड त्याच पत्त्यावर येणार आहे.

## टप्पा ६ : पैसे

डुप्लिकेटची फी नोंदणी फीच्या निम्मी असते. खासगी कारला ३०० रुपये, दुचाकीला १५० रुपये. स्मार्ट कार्डाचे २०० रुपये वेगळे, शिवाय टपाल वगैरे किरकोळ. म्हणजे कारचं मूळ सरकारी काम पाचशेच्या आसपास आहे. कुणी पाच-सात हजार मागितले तर कशाचे किती, ते लिहून मागा.

परदेशी कार्ड इथे बहुधा चालत नाही. एनआरओ खात्याचं (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या रुपयांच्या खात्याचं) नेटबँकिंग वापरा किंवा घरच्यांना भरू द्या. खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पोर्टलवर पेमेंटची स्थिती तपासायचा पर्याय आहे. तिथून पडताळा करा आणि एक दिवस थांबा.

## टप्पा ७ : पाठपुरावा आणि पोस्टमन

अर्ज क्रमांक टाकून आठवड्याला एकदा स्थिती बघा. त्रुटी निघाली तर अर्ज परत येतो आणि मेसेज न पाहिल्यामुळे तसाच पडून राहतो. त्रुटीचा शेरा पूर्ण वाचा, आणि तेवढाच कागद दुरुस्त करून पुन्हा चढवा.

मंजुरीनंतर कार्ड छापून स्पीड पोस्टने नोंदीतल्या पत्त्यावर येतं. घराला कुलूप असेल किंवा फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ते परत जातं, आणि इतक्या खटाटोपानंतर इथे काम अडलेलं बघून खरंच वाईट वाटतं. भाडेकरूला आणि शेजाऱ्यांना नाव सांगून ठेवा. पोस्टमनसाठी एक सहीचं पत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स घरी ठेवा. स्पीड पोस्टचा क्रमांक मिळाला की रोज बघा. कार्ड परत गेलंच तर ते आरटीओत येतं, आणि टप्पा ४ मधलं अधिकारपत्र तिथे कामाला येतं.

## तोवर गाडी रस्त्यावर काढायची असेल तर

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली आरसी तपासणीत कायदेशीरपणे ग्राह्य आहे. २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी दुरुस्ती झाली. गाडी चालवणाऱ्याच्या फोनमध्ये ती आधीच उघडून बघा. घाटात नेटवर्क नसतं. व्हॉट्सअॅपवरचा जुन्या आरसीचा फोटो मात्र चालत नाही. गाडी निपाणी-बेळगावकडे नेणार असाल तर विमा आणि पीयूसीही त्याच ॲपमध्ये दिसतात का ते बघून घ्या.

## कार्ड हातात आल्यावर

त्याच दिवशी पाच आकड्यांचा तो कागद काढा आणि कार्डाशी ताडून बघा: गाडी क्रमांक, चेसिस, इंजिन, नोंदणीची तारीख, मुदत. नाव आणि बोजाही तपासा. चूक असेल तर लगेच दुरुस्तीला द्या, गिऱ्हाईक दारात आल्यावर नको. दोन्ही बाजू स्कॅन करून मालकाला आणि घरातल्या आणखी एकाला पाठवा. कार्ड गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवू नका. जुनी आरसी नंतर कपाटामागे सापडली तर ती वापरात आणू नका, आरटीओत जमा करून पोच घ्या.